पेटीवरचं झेंडूचं फूल

तिसऱ्या किलोमीटरच्या दगडापाशी कलीमभाई पहिल्यांदा बोलले, आणि तेही उज्वलाबाईंशी नाही, छातीशी धरलेल्या फायलीशी.

"चार वाजेपर्यंत," ते म्हणाले. "चार म्हंजी चार."

उज्वलाबाईंनी घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. उजव्या चपलेचा पट्टा टाचेला घासून घासून कातडं सोललं होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं, जागोजाग ताडपत्रीखाली झाकलेल्या गंज्या, आणि मधून हा रस्ता. रस्ता आपला म्हणायला. नुसती खडी अंथरलेली, डांबर कधी पडणार ते अंथरणाऱ्यालाच ठाऊक. त्याच खडीतल्या एका धारदार दगडानं गाडीच्या मागच्या चाकाची कूस फाडली होती.

गाडी मागं बाभळीच्या सावलीत कलंडून उभी होती. डिक्कीत चांगलं, हवा भरलेलं जादा चाक होतं. ते बसवायला जॅक नव्हता, नट फिरवायला पाना नव्हता. दोन्ही ठेवायची पत्र्याची पेटी मात्र जागच्या जागी होती. तिच्या झाकणावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक होतं, स्वस्तिकावर झेंडूचं वाळलेलं फूल होतं, आणि आत काहीच नव्हतं.

कलीमभाई अकरा वर्षं उज्वलाबाईंच्या घरची गाडी चालवत होते. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या तेव्हापासून, आणि आता निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी. अण्णारावांचे, म्हणजे बाईंच्या यजमानांचे, गुडघे गेले आणि गाडी कलीमभाईंच्या हाती आली. अकरा वर्षांत त्यांनी स्वतःसाठी गाडी कधी मागितली नव्हती. आज सकाळी मागितली. मुलगी जेबा नांदेडला मावशीकडं, रईसाकडं राहून इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी खेटे घालत होती. शेवटच्या फेरीत तिचा नंबर विष्णुपुरीच्या कॉलेजात लागला होता, आणि मूळ दाखल्यांची फाईल लातुरात कपाटावर राहिली होती. चारपर्यंत कागद दाखवले नाहीत तर जागा खालच्या नंबराला जाणार.

"घेऊन जा की, विचारायचं काय त्यात," बाई म्हणाल्या होत्या. "मीही येते. नांदेडला बहिणीला सोनं द्यायचं राहिलंय." दसरा होऊन चार दिवस झाले होते, पण पौर्णिमेपर्यंत आपट्याची पानं देतात. पानांची पुडी पर्समध्ये टाकून त्या निघाल्या.

अहमदपूरच्या अलीकडं रास्ता रोको होता. ट्रकांची रांग नजर पोचत नाही तिथवर. कलीमभाईंनी गाडी वळवून आतल्या रस्त्याला घातली. पुढं फाट्यावर नांदेडचा रस्ता लागतो, अर्धा तास जास्त जाईल, एवढंच. आणि मग ही खडी.

पेटी उघडल्यावर बाईंनी घरी फोन लावला होता. फोनमध्ये तीन टक्के उरले होते, कारण गाडीतून फोन चार्ज करायची वायरही त्याच पेटीत असायची. अण्णारावांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजावर, आणि तेही ओरडूनच बोलायचे. कलीमभाई शेजारीच उभे होते.

"अगं, इथं आहे की सगळं!" अण्णाराव ओरडले. "देवघराखालच्या कप्प्यात. पिवळ्या फडक्यात बांधलंय. जॅकला अजून कुंकू आहे बघ."

एवढं बोलून फोन मेला. कलीमभाईंचा घाईत घरीच राहिला होता. त्यानंतर तीन किलोमीटर कलीमभाई एक शब्द बोलले नव्हते.

"कलीमभाई," बाई आता म्हणाल्या, "माझंच चुकलं."

"तुमचं कशानं? गाडी मी चालवतो. पेटी माझा जिम्मा हाय."

"असं तिरकं बोलू नका हो."

"तिरकं न्हाई बाई, सरळ बोलून राहिलो. लई सरळ."

आणि चालण्याचा वेग वाढवला. बाईंना मागं मागं धावावं लागलं.

खंडेनवमीच्या दिवशी काय झालं ते दोघांनाही लख्ख आठवत होतं. घरातली हत्यारं, अवजारं धुऊन देवापुढं मांडायची ही उज्वलाबाईंच्या माहेरची आणि सासरचीही रीत. विळी, कात्री, शिलाई मशीन, अण्णारावांचा जुना टाइपरायटर. यंदा बाईंना वाटलं, गाडीचंही सगळं मांडावं. रस्त्यावर जीव सांभाळतं ते हेच. त्यांनी कलीमभाईंना सांगितलं, आणि कलीमभाईंनी आनंदानं पेटीतली एकूण एक वस्तू काढून साबणानं घासली. जॅक, पाना, ओढायचा दोर, टॉर्च, बॅटरीला जोडायच्या वायरी, फोन चार्ज करायची वायर, हवेचा पंप, लाल त्रिकोण, चाकामागं लावायचा लाकडी ठोकळा, मलमपट्टीचा डबा. बाईंनी प्रत्येकाला गंध लावलं. डोळे मिटून म्हणाल्या, जात्यायेत्याला राख गं आई.

दसऱ्याला कलीमभाई सुट्टी घेऊन नांदेडला गेले. इकडं घट उठले. बाईंना वाटलं, पूजेच्या वस्तूंना लगेच ग्रीस आणि माती नको. चार दिवस राहू देत देवाजवळ. त्यांनी सगळं पिवळ्या फडक्यात बांधलं. पेटी मात्र अंगणात उन्हात पडली होती, तिला बिचारीला पूजेतून का वगळावं, म्हणून तिच्यावर स्वस्तिक काढलं, फूल वाहिलं आणि उचलून डिक्कीत ठेवली. ठेवताना हलकी लागली. ते ध्यानात आलंही होतं. कलीमभाई आले की सांगू, असं मनाशी म्हटलं, आणि पाहुण्यांच्या गर्दीत गेलं राहून.

"मला एकच सांगा," बाई धापा टाकत म्हणाल्या. "तुम्ही तर रोज सकाळी पेटी उघडून बघता. मी अकरा वर्षं बघतेय. या चार दिवसांत का नाही बघितली?"

कलीमभाई थांबले. मागं वळले. त्यांच्या पांढऱ्या दाढीत घाम चमकत होता.

"फूल होतं वर," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजी काय? तुमच्या हातचं फूल. पूजा केलेली. मी झाकण उघडलं असतं तर फूल खाली पडलं असतं. म्हटलं, आपण कामून मोडावी कुणाची पूजा? सुकून आपोआप पडंल, मग बघू." त्यांनी फाईल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "चार दिवस डिक्की हळू बंद केली बाई मी. फूल पडू नये म्हणून."

 समोरून मोटरसायकलवर तिघं आले. कलीमभाईंनी दोन्ही हात आडवे केले. पोरं बाजूनं निघून गेली आणि मागचा ओरडला, "चाचा, चौथ्याला जागा न्हाई!"

"तुझ्या..." म्हणून कलीमभाईंनी पुढचं गिळलं. बाई सोबत होत्या.

चिडचिड काही आजची नव्हती. त्या पेटीवरून घरात अकरा वर्षं धुसफूस चालू होती. ओढायचा दोर उन्हाळ्यात पापडांवर टाकायची ओढणी बांधायला जायचा. टॉर्च लाईट गेली की स्वयंपाकघरात, आणि तिथून गच्चीवर. मलमपट्टी शेजारी खेळणाऱ्या पोरांच्या गुडघ्यांना. कलीमभाई एका डब्यात गूळ-शेंगदाणे ठेवायचे, वाटेत कुणाला चक्कर आली तर असावेत म्हणून. ते अण्णाराव साखर बंद असताना गुपचूप खायचे आणि डबा रिकामाच परत ठेवायचे. दर महिन्याच्या एक तारखेला कलीमभाई पुन्हा सगळं गोळा करत, टॉर्चचे चांगले सेल काढून नवे घालत, आणि अण्णाराव पायरीवर बसून टोमणा मारत, "काय कलीम, लढाईवर निघालास का?" बाईही हसायच्या. माणूस चांगला, पण जरा वहमी, नको त्या शंका काढणारा, असं त्यांनी मनात धरून ठेवलं होतं.

"हसायचे तुम्ही," कलीमभाई जणू मनातलं ऐकल्यासारखे म्हणाले. "साहेब बी, तुम्ही बी. मी कधी बोललो न्हाई. आज बोलतो."

मग ते चालता चालता, पुढं बघूनच बोलले. त्र्याण्णव साली ते अठरा वर्षांचे होते. वडिलांची, गुलाम रसूल यांची, औसा-किल्लारी जीप होती. भूकंप झाला त्या पहाटे बापलेक अंधारातच जीप घेऊन निघाले. किल्लारीत एका वाशाखाली एक म्हातारे अडकले होते. बोलत होते. वडील दगड उपसत होते आणि म्हातारे आतून म्हणाले, पोरा, उजेड धर. कलीमनं जीपमधला टॉर्च आणला. लावला. एवढासा लाल होऊन विझला. आदल्या महिन्यातच सेल बदलायला वडिलांनी सांगितलं होतं. मग दिवस उजाडेपर्यंत चाचपडत दगड काढावे लागले.

"वाचले का ते?" बाईंनी विचारलं.

"वाचले. पर पाय गेला. तासभर आधी निघाले असते तर राहिला असता, असं तिथला डॉक्टर म्हणाला." कलीमभाईंनी दगडाला लाथ मारली. "तवापासून मी सेल बदलतो. वहमी म्हणा मला. म्हणा."



पुढं रस्त्यालगतच्या रानात मळणी यंत्र धडधडत होतं. ट्रॅक्टरजवळ डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, सगळा भुश्शानं माखलेला एक माणूस उभा होता. कलीमभाई बांध ओलांडून जवळजवळ पळतच गेले. बाई पोचल्या तेव्हा यंत्र बंद झालं होतं. तो माणूस, व्यंकटी त्याचं नाव, मान डोलवत होता.

"जॅक हाय की! ट्रॉलीचा हाय. पाने बी हायत."

"या अल्ला," कलीमभाई म्हणाले. "कुठाय?"

"आखाड्यावर. देवापुढं." व्यंकटी डोकं खाजवत म्हणाला. "नवमीला पुजल्यात. आमच्यात पुनव झाल्याबिगर उचलत न्हाईत."

कलीमभाई मटकन बांधावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग बाईंकडं बघून म्हणाले, "बघा. आज समदा जिल्हाच देवापुढं हाय. रस्त्यावर फकस्त आपण दोघं."

"मोटरसायकल?" बाईंनी विचारलं.

"थोरला भाऊ घेऊन गेलाय अहमदपूरला. मोर्चाला." आणि मग जरा ओशाळून, "तेच ते, रस्ता अडवलाय बघा."

शेतावरचा आखाडा शंभर पावलांवर होता, पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढं लिंबाचं झाड. व्यंकटीची आई धोंडाबाई दारात शेंगा फोडत बसली होती. कोनाड्यात देवीचा टाक, खाली पाटावर कोयता, टिकाव, पाने आणि मधोमध लोखंडी जॅक. सगळ्यांवर कुंकू.

"न्हाई बाई," धोंडाबाईनं ऐकून घेतल्यावर सरळ सांगितलं. "मागल्या साली ह्या व्यंकटीनं मधीच पाना उचलला आन दुसऱ्या दिशी ट्रॉली पलटी झाली. पोरगं थोडक्यात वाचलं. परत न्हाई."

दुसरी कुणी असती तर उज्वलाबाईंनी शाळेतल्या आवाजात समजावलं असतं. पण धोंडाबाईचं म्हणणं त्यांना आतून पटत होतं, हीच तर अडचण होती. त्यांनीसुद्धा हेच म्हटलं असतं. त्यांनी बाहेर पाहिलं. कलीमभाई उंबऱ्याच्या बाहेर, चप्पल काढून, फाईल धरून उभे होते. आत येत नव्हते. कुणाची पूजा मोडू नये म्हणून.

बाई पाटापुढं बसल्या. "मावशी, पोरीचं शिक्षण अडलंय. चूक माझी आहे, त्या पोरीची नाही, तिच्या बापाची तर नाहीच नाही. दोष लागायचा तो मला लागू दे. तुमच्या घराला नको." त्यांनी पर्समधून बहिणीसाठी आणलेली आपट्याची पुडी काढली. "जॅकच्या जागी हे सोनं ठेवते. पुनवेपर्यंत जागा मोकळी राहायची नाही."

धोंडाबाईनं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. "पोर कितवी शिकती?"

"इंजिनिअर होणार आहे."

"घे उचलून," धोंडाबाई म्हणाली. "पर तुझ्या हातानं. व्यंकटीनं हात लावायचा न्हाई."

बाईंनी देवीला हात जोडले आणि जॅक उचलला. त्यांच्या अपेक्षेपेक्षा तो दुप्पट जड निघाला. तळहाताचा घाम आणि जॅकवरचं कुंकू एक होऊन मनगटावर ओघळलं. मग पान्यांचा जुडगाही त्यांनीच उचलला.

इथं सगळं सुरळीत झालं असतं, तर हे लिहायचं काही कारण उरलं नसतं. ट्रॅक्टरवर बसून तिघं गाडीपाशी गेले. जॅक ट्रॉलीचा, उंच. कलंडलेल्या गाडीखाली शिरेना. व्यंकटीनं पसरट दगडानं खडी उकरली, मग शिरला. गाडी उचलली. आणि मग पाने. एक मोठा, एक त्याहून मोठा, एक लहान. नटाला एकही बसेना. कलीमभाईंनी फडकं गुंडाळून पाना लावला, तो सटकला आणि बोटांची सालटी निघाली. मलमपट्टी लातुरात, देवघराखाली. बाईंनी पदराची किनार फाडून बांधली. दोन वाजून गेले होते.

"सोड," कलीमभाई व्यंकटीला म्हणाले. "मला फाट्यावर नेऊन सोड."

"ट्रॅक्टरवर? एवढ्या खडीत?"

"बैलगाडी असती तर तिच्यावर बी गेलो असतो."

कलीमभाई ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसले, एका हातानं फाईल आणि दुसऱ्या, पट्टी बांधलेल्या हातानं कठडा धरून. निघताना त्यांनी गाडीची किल्ली बाईंना दिली, पण बाईंकडं पाहिलं नाही.

बाई आखाड्यावर बसून राहिल्या. धोंडाबाईनं टाचेवर हळद दाबली, फोन चार्जिंगला लावला, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं केली.  चार वाजले. सव्वाचार झाले. समोर टाकाखाली जॅकच्या जागी आपट्याची पानं होती. बाई नेहमी देवापुढं काही ना काही मागायच्या. आज मागायलाही लाज वाटत होती. साडेचारला फोन वाजला.

"बाई, मी जेबा. अब्बू पोचले."

"किती वाजता?"

"चार वीसला."

बाईंनी डोळे मिटले.

"पण तारीख वाढलीय, बाई. दुपारीच बोर्डावर लावलंय. सोमवारपर्यंत. आमचे कागद घेतले आजच."

बाईंनी फोन खाली ठेवला आणि धोंडाबाईला सांगितलं. धोंडाबाईनं कोनाड्याकडं हात जोडले आणि म्हणाली, "मग एवढी धावाधाव कशापायी केली?" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. बाईंना हसू आलं नाही.

दिवेलागण झाली तेव्हा कलीमभाई परतले. रास्ता रोको सुटला होता. फाट्यापर्यंत काळीपिवळी जीप मिळाली, पुढं व्यंकटीच्या थोरल्या भावानं मोटरसायकलवर आणलं. हातात नांदेडहून आणलेला नवा पाना होता. बाईंना घेऊन व्यंकटीही ट्रॅक्टरवरून गाडीपाशी आला, आणि कलीमभाई चाकाशी बसले. अंधारून येत होतं, आणि ट्रॅक्टरचा दिवा त्या कोनातून चाकावर पडत नव्हता.

"बाई, उजेड धरा," ते म्हणाले.

बाईंनी फोनचा दिवा लावला आणि खडीवर गुडघे टेकून बसल्या. पाची नट निघेपर्यंत आणि पाची परत बसेपर्यंत त्यांनी हात हलू दिला नाही. खांदा भरून आला तरी हात बदलला नाही.

चाक बसलं. बाईंनी गाडी आधी आखाड्यावर घ्यायला लावली, जॅक आणि पाने स्वतः नेऊन पाटावर ठेवले, धोंडाबाईच्या पाया पडल्या आणि गाडीत येऊन बसल्या. गाडी लातूरच्या दिशेला लागली तेव्हा कुठं त्यांना बोलायचा धीर झाला.

"देवाची कृपा म्हणायची, कलीमभाई. तारीख वाढली."

"कृपा हायच," कलीमभाई म्हणाले. "मी शुक्राना पढलो तिथं. पर देवानं तारीख वाढवली बाई, पाना न्हाई आणून दिला. तारीख न्हाई वाढली असती तर? पोरीनं मला काय म्हटलं असतं? काहीच म्हटली नसती. तेच तर."

 बराच रस्ता गेला. मग कलीमभाई आपणहून बोलले, आता आवाजातली धार जरा उतरलेली होती.

"एक मागणं हाय. राग न्हाई धरायचा."

"सांगा की."

"मी उर्दू शाळेत पाचवी. मराठी वाचतो मी, लिव्हायला जमत न्हाई. तुमचं अक्षर लई झ्याक, समदी शाळा म्हणायची. त्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवून द्या. आत काय काय हाय ते समदं लिव्हा, मोठ्या अक्षरात, साहेबांना चष्म्याबिगर दिसंल असं. गूळ-शेंगदाणे बी लिव्हा." त्यांनी दिवा खालीवर करून समोरच्या ट्रकला वाट दिली. "आन सगळ्यात खाली लिव्हा, की पूजा करायची तर डिक्की उघडून इथंच करावी. पुढल्या नवमीला नारळ मी आणतो. फूल बी वाहा तुम्ही. फकस्त झाकणावर नगा वाहू बाई, आत वाहा."